एकट्याचं मंत्रिमंडळ

हातखंब्याला महामार्ग सोडला की आतल्या रस्त्याने नऊ किलोमीटरवर, उघड्या कातळावर एक शाळा आहे. जांभ्याच्या भिंती, दोन खोल्या, मागे पत्र्याची किचनशेड. त्या शेडमध्ये जाईबाई वीस वर्षं खिचडी शिजवत होती. पहिल्या वर्षी पटावर बेचाळीस मुलं होती आणि त्यातली एकोणतीस घरून डबा आणायची, कारण शिजवणारी बौद्धवाडीतली होती. पुढे हळूहळू डबे बंद झाले. लोक सुधारले, असं तेव्हाचे गुरुजी म्हणायचे. सुधारले असतीलही. पण जाईबाईने पाहिलं होतं ते एवढंच, की डबे भरून देणाऱ्या आया एकेक करून मुंबईला गेल्या आणि मुलांना घेऊन गेल्या.

या जूनमध्ये पटावर तीन मुलं उरली. वरच्या वाडीतल्या रघूच्या दोन मुली, चौथीतली आरोही आणि दुसरीतली राही. आणि तिसरीतला प्रज्ञेश, जाईबाईचा नातू. त्याचे आईबाप मुंबईकडे, दिव्याला. खोली लहान, दोघंही कामावर, म्हणून पोरगा आजीकडे. केंद्रप्रमुख आले तेव्हा ओट्यावर उभे राहूनच बोलले, "एक नाव पटावर असलं तरी शाळा चालू. शून्य झालं की कुलूप." मग त्यांनी जाईबाईच्या हातचा चहा घेतला आणि गेले.

ओमकार सर देशावरचे. वय तीसच्या आत. बदलीची वाट बघत होते, पण बघताना शिकवणं सोडत नव्हते. शालेय मंत्रिमंडळ स्थापन करून यादी आणि फोटो पाठवायचा, असं पत्र आलं तेव्हा त्यांनी अख्खा फळा पुसून देशाचं मंत्रिमंडळ काढलं. वर पंतप्रधान. त्याखाली कॅबिनेट मंत्री. मग स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्री. सगळ्यात खाली नुसते राज्यमंत्री.

"सर, नुसता राज्यमंत्री म्हणजे?" राहीने विचारलं.

"कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखालचा."

"म्हणजे काम तोच करतो," शेडमधून जाईबाई म्हणाली. सर हसले.

"आणि लक्षात ठेवा, मंत्री हवे तेवढे करता येत नाहीत. लोकसभेतल्या एकूण जागांच्या पंधरा टक्के, त्याच्या वर नाही. घटनेतच आहे तसं."

आरोहीने बोटांवर हिशेब केला. "सर, तिघांचे पंधरा टक्के म्हणजे अर्धा माणूससुद्धा होत नाय."

"मग आपण घटनेकडे जरा डोळेझाक करू," सर म्हणाले.

खाती नऊ होती, माणसं तीन. आरोही पंतप्रधान झाली आणि शिक्षण, आरोग्य, ग्रंथालय तिने स्वतःकडे ठेवलं. राहीला क्रीडा, परिपाठ, बाग. प्रज्ञेशने कायदा मागितला. तसं खातं यादीत नव्हतं. "घरी फोटो हाय ना," तो म्हणाला, "ते देशाचे पहिले कायदामंत्री होते." सरांनी यादीत एक ओळ वाढवली. वर पाणी, स्वच्छता आणि भोजनही त्याच्याच गळ्यात पडलं. शपथ घेताना मुलींनी 'ईश्वरसाक्ष' म्हटलं. प्रज्ञेशने सरांनी सांगितलेली दुसरी तऱ्हा घेतली, 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की'. शब्द तोंडात मावत नव्हते, तरी त्याने एकही गाळला नाही.

जाईबाई दारात उभी राहून बघत होती. पाणी खातं त्याला मिळालं तेव्हा तिचा हात पदराला पुसता पुसता थांबला.

याच खोलीत ती चौथी शिकली. तेव्हा मुलं साठाच्या वर. तेव्हाही मंत्रिमंडळ व्हायचं. तिचा बाप गिरणीत, गणपतीला गावी आला की फोटोकडे बोट दाखवून सांगायचा, "आपला माणूस देशाचा कायदामंत्री झाला. तुला पायजे ते खातं तू माग." तिला पाणी पाहिजे होतं. पाणी मंत्र्याने विहिरीवरून हंडा आणायचा, माठात ओतायचं आणि मधल्या सुट्टीत पेल्याने सगळ्यांना द्यायचं. तिला स्वतःला तेव्हा ओंजळीत वरून मिळायचं. ती उठून उभी राहिली आणि तिने मागितलं. गुरुजी रागावले नाहीत. ते फार मायेने म्हणाले, "जाई, तू स्वच्छता बघ. ते मोठं खातं आहे." पाणी वरच्या वाडीतल्या विमलाकडे गेलं. जाईला खराटा मिळाला. रागावले असते तर ती भांडली तरी असती. मायेने बोललेल्या माणसाशी कसं भांडायचं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

गणपती झाले आणि रघूने बिऱ्हाड हातखंब्याला हलवलं. तिथे त्याची पंक्चरची टपरी होती आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात यायची. दाखले न्यायला आला तेव्हा तो शेडशी घुटमळला.

"काय करू गो जाईबाय? पोरींचं बघाया पायजे."

"मी कुठं काय म्हणतंय?"

"तुझ्या हातच्या खिचडीची सवय हाय त्यांना."

"सवय जाते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून पटावर एक नाव. शंभर ग्रॅम तांदूळ, चिमूटभर डाळ. मोठ्या पातेल्यात ते तळाला चिकटून करपायचं, म्हणून ती घरून चहाचं भांडं घेऊन येऊ लागली. दिव्याहून दर्शनाचा, सुनेचा, फोन यायचा. जवळच्या शाळेत प्रज्ञेशला घेतायत, आता खोलीही मोठी घेतली आहे, त्याला पाठवा.

"तो आला तर हितं कुलूप पडंल गो," जाईबाई सांगायची.

"आई, शाळा चालावी म्हणून पोरगा ठेवायचा काय?"

पण फोन ठेवला की ती पुन्हा मनाशी घोकायची: एक नाव आहे तोवर कुलूप नाही. तिची खिचडी, तिचा सकाळचा रस्ता, दुपारी कातळावरून हाक मारली की ऐकणारं कुणीतरी, एवढं सगळं त्या एका नावावर टांगलेलं होतं. पोरगा तिच्याजवळ होता आणि शाळा चालू होती. दोन्ही एकदम राखायचं म्हणजे नुसतं काही न करता बसायचं होतं. ती बसली.

ऑक्टोबरच्या उन्हात कातळ तापला होता. सर पलीकडच्या खोलीत, खिडकीबाहेर फोन धरून कसलीशी माहिती भरत होते. खोल्यांत तिथेच काय ती रेंज मिळायची. जाईबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. वर्गातून बोलणं ऐकू आलं, म्हणून तिने वाकून पाहिलं.

प्रज्ञेश डाव्या बाकाजवळ उभा होता. "माननीय मंत्रिमहोदयांनी सांगावं, हंडा अर्धाच का भरला?"

मग तो पळत उजव्या बाकाकडे गेला. "माननीय सदस्यांनी खाली बसावं. चौकशी चालू आहे."

पुन्हा डावीकडे. "मागच्या आठवड्यात पण तुम्ही हेच बोललात."

मध्ये सरांच्या खुर्चीमागे जाऊन त्याने टेबलावर डस्टर आपटला. "शांत राहा. सगळ्यांनी शांत राहा."

सगळे शांतच होते. जाईबाईला हसू येईल असं वाटलं. ते आलं नाही.

"ठरावाच्या बाजूने?" त्याने उजवा हात वर केला आणि मोजला. "विरोधात?" डावा हात वर केला, तोही मोजला. मग तो दोन्ही हात तसेच वर ठेवून उभा राहिला, कारण मतं समान पडली होती आणि पुढे काय करायचं ते सरांनी शिकवलेलं नव्हतं. बराच वेळ उभा राहिला. शेवटी हात खाली आले. तो डाव्या बाकावर बसला नाही, उजव्याही नाही. मध्ये फरशीवर बसला आणि बोटाने धुळीत रेघा ओढू लागला.

सुपातले तांदूळ निवडून झाले होते. जाईबाई तेच पुन्हा निवडत राहिली. तिला आपण इतके दिवस काय राखत होतो ते आता स्वच्छ दिसत होतं. मग ती शेडमागे गेली. रेंज यावी म्हणून कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर चढली आणि तिने दर्शनाला फोन लावला.

"दिवाळीला येशील तेव्हा त्याला घेऊन जा."

दर्शना आधी 'बरं' म्हणाली. मग म्हणाली, "आई, तुम्ही पण चला."

"मी तिथं येऊन काय करू?" जाईबाई म्हणाली, आणि गडग्यावरून सांभाळून उतरली.

सुट्टी लागण्याच्या दिवशी प्रज्ञेशने वहीच्या कागदावर राजीनामा लिहून सरांकडे दिला. सरांनी तो दोन वेळा वाचला.

"सर, आता सरकार कोण?"

"नवं येईपर्यंत जुनंच राहतं. त्याला काळजीवाहू म्हणतात. नवे निर्णय घ्यायचे नाहीत, रोजचं काम तेवढं चालवायचं."

"पण जुनं म्हणजे मीच. मी तर नसणार."

सरांनी राजीनामा घडी करून खिशात ठेवला. दाखला त्यांनीच लिहिला होता. बदलीसाठी त्यांना आता दुसरं कारण द्यायला लागणार नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं, हे जाईबाईलाही कळत होतं. पोराने मग स्वतःच खडू उचलला आणि फळ्यावर दहाच्या दहा खाती एकाखाली एक लिहिली.

"आजी, तू बघ. कुठलं घेतेस?"

जाईबाईने तोंड उघडलं. पन्नास वर्षं एकच शब्द तिथे होता. कुणी अडवणारं नव्हतं, मायेनेही नाही.

"स्वच्छता," ती म्हणाली.

"बास? आणखी सांग ना."

"बास. ते मोठं खातं हाय."

त्याने स्वच्छतेपुढे सुबक अक्षरात 'आजी' लिहिलं. हात झटकले आणि जेवायचं ताट आणायला पळाला.

दिवाळी झाली. दर्शना येऊन पोराला घेऊन गेली. सर एक दिवस कागदपत्रं न्यायला आले. त्यांना रत्नागिरीजवळची शाळा मिळाली होती. त्यांच्याबरोबर आलेल्या कारकुनाने दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं, किचनशेडला लावलं आणि चावी पाकिटात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई खराटा घेऊन कातळावर आली. येऊ नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ओटा झाडला, पायऱ्या झाडल्या, माठाची रिकामी जागा झाडली. मग खिडकीच्या गजांना धरून आत पाहिलं. चौथी शिकली होती ती. वाचता येत होतं. फळा पुसायचा राहून गेला होता. स्वच्छतेपुढे तिचं नाव होतं, बाकी नऊ ओळींपुढे काहीच नव्हतं. पाण्यापुढेही नाही. खडू आत, टेबलावर होता.