म्हशीपुढं वाचलेलं सायन्स

१९७१ साल. माझं वय चव्वेचाळीस, शिक्षण तिसरी. शाळेनं मला काढलं असं कोण म्हणत असेल तर ते खोटं आहे. शाळा मी सोडली. म्हैस लांबून चालत येताना बघून ती किती दूध देईल हे मी सांगायचो, आणि त्याला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

त्या साली माझी थोरली मुलगी मॅट्रिक झाली. आमच्या भावकीत पहिलीच. निकालाच्या सांजेला मी कट्ट्यावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पोरगी सायन्सला जाणार. डॉक्टर होणार." कट्टा म्हणजे आमच्या पेठेचा कोपरा. तिथं आम्ही सांज-सकाळ म्हशी आणून उभ्या करतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसासकट ग्लासात ओततो. अशा जागी बोललेला शब्द दूध संपायच्या आत गावभर होतो. परत घेता येत नाही.

आता अडचण सांगतो. पोरीला बसून अभ्यास यायचा नाही. बसली की डुलक्या. तिचा अभ्यास चालत आणि ओरडून. हातात पुस्तक, गोठ्यातल्या गोठ्यात फेऱ्या, आणि आवाज असा की तिच्या जिवावर शेजारची पोरं पास झाली. गणित काही ओरडून होत नाही, म्हणून ते काठावर निघालं.

आणि आमची एक म्हैस होती. रेडकू मेल्यापासून ती पान्हा सोडेना. आंबोण ठेवलं, कास चोळली, शिव्या दिल्या. थेंब नाही. एक दिवस पोरगी इतिहास वाचत तिच्या मागून गेली आणि म्हशीनं धार सोडली. तेव्हापासून पोरगी कट्ट्यावर येऊन वाचायची आणि मी धार काढायचो. मोगल, पेशवे, सगळे त्या म्हशीच्या कानांवरून गेले.

कट्ट्यावर एक प्रोफेसर रोज दूध प्यायला यायचे. मराठी शिकवायचे. मला म्हणाले, "हुशार आहे म्हणून सायन्स, असं नसतं. मुलगी अभ्यास कसा करते ते बघा, आणि त्याला जुळेल ती शाखा द्या. हिला आर्ट्सला घाला."

"म्हंजे माझी पोरगी सायन्सला कमी पडती व्हय?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग हितंच तपासू की! उद्या ती सायन्स वाचंल. चालत वाचंल, वरडून वाचंल. म्हशीनं धार सोडली तर सायन्स."

"अहो, पण अभ्यास मुलीचा आहे!"

"आणि म्हैस कुणाची हाय?"

प्रोफेसरांनी ग्लास तोंडाला लावला.

दुसऱ्या सांजेला शेजारच्या सायन्सवाल्या पोराचं पुस्तक मागून आणलं. ते निघालं इंग्रजीत. पोरीनं दोन ओळी वाचल्या, म्हशीनं मान वळवून बघितलं आणि परत फिरवली. तालमीतला एक पैलवान ग्लास घेऊन उभा होता. तो ओरडला, "आबा, म्हैस नापास!"

"गप ए! म्हशीला इंग्रजी येत न्हाई, त्यात सायन्सचा काय दोष?" मी प्रोफेसरांच्या हातात पुस्तक दिलं. "तुमी मराठीत सांगा, ही वरडंल."

बिचाऱ्यांनी चष्मा पुसला. ते हळू सांगायचे, "पदार्थावर बल लावले असता..." आणि पोरगी फेऱ्या मारत ओरडायची, "पदार्थावर बल लावले असता!" म्हशीचे कान पडले. सड कोरडे.

"जीव घालून वाच की गं!"

"काय वाचू आबा? ह्यात कोण कुणावर चाल करून येत न्हाई."

"मग तू आण चाल करून!"

तिनं आणली. बल घोड्यावर बसून आलं, पदार्थाला खिंडीत गाठलं. म्हशीनं दोन धारा दिल्या. मी वर बघून मिशीला हात घातला, आणि तेवढ्यात सूत्र आलं. म्हशीनं लाथ झाडली. चरवी उलटली आणि दूध प्रोफेसरांच्या बुटात गेलं.

त्याच्या पुढच्या सांजेला कॉमर्स झालं. जमाखर्च ऐकताना म्हशीनं शेण टाकलं. आता माझी गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीकडं सरकायला लागली. पण मी हटणारा माणूस नव्हे. त्याच्याही पुढच्या सांजेला परत सायन्स लावलं.

पोरीनं पुस्तक उघडलं, चार पावलं टाकली आणि मिटलं. "आबा, म्हशीला किती डाव इचारलासा. मला एकदा तरी इचारा की."

मी चरवी खाली ठेवली.

"बरं, इचारलं. बोल."

"मला इतिहास पायजे. सायन्सला मी बाकावर बसून झोपणार, नापास होणार, आन तुमी म्हणणार, पोरीत दम न्हाई. दम हाय माझ्यात. पायात हाय, नरड्यात हाय. बुडात न्हाई, त्याला मी काय करू?"

पोरगी खरं बोलली होती. पण डॉक्टर होणार हे मी बोललो होतो, त्याच जागी, त्याच माणसांपुढं. शब्द फिरवायची मला सवय नाही. मी उठलो, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यांदा म्हणालो, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? म्हशीचा निकाल लागला. आर्ट्स. आता तिच्या शब्दाबाहेर मी न्हाई."

पैलवान म्हणाला, "आबा, हे पोरगी बोलली. म्हैस कुठं बोलली?"

"म्हशीनं नको म्हटलं असतं तर लाथ झाडली असती. झाडली का?"

सगळ्यांनी म्हशीच्या पायाकडं बघितलं. पाय जागेवर होते.

प्रोफेसरांनी हसत ग्लास खाली ठेवला. "मग उद्याच सातला दाखला घेऊन पाठवा. आमचं आर्ट्स सकाळी भरतं. रोजच सकाळी."

सात! म्हणजे ऐन धारेची वेळ. पोरीचा चेहरा उतरला. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा, मग सकाळचं म्हशीपुढं कोण वाचणार?"

"म्हशीचं मी बघतो. तू तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईला तिच्याबरोबर कॉलेजात धाडलं आणि मी म्हैस घेऊन कट्ट्यावर गेलो. काखेत पोरीचं जुनं इतिहासाचं पुस्तक होतं. चरवी पैलवानाच्या हातात दिली आणि त्याला धार काढायला खाली बसवलं. लोक ग्लास घेऊन थांबले होते. मी घसा खाकरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर जुळवत, ओरडत, म्हशीच्या मागून पहिली फेरी मारली.