जड स्टिअरिंग आणि दादांचे हात

थोरल्या भावाच्या हातातला जोर गेला, असं मी भर बोटीत, गावातल्या माणसांसमोर बोललो. चूक माझी होती, आणि ती नुसती बोलण्याची नव्हती.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या अल्याड, तेलगावच्या बाजाराचा रस्ता पल्याड. पाणी भरलेलं असलं की बाजाराला जायला बोट, नाहीतर मोठा वळसा. ही मोटरबोट आम्ही दोघांनी जुनीच घेतली. चालवायचे मात्र दादा. शेतीचा कारभार माझ्याकडे आल्यावर स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याकडे ते चाकच उरलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे लोखंडाची एकही वस्तू वंगणावाचून राहत नाही. नांगर, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, सगळं धुऊन, वंगण देऊन पूजायचं. त्या दिवशी ट्रॅक्टरची ग्रीसगन हातात होती. बोटीच्या मागे बसवलेल्या इंजिनावर एक आडवी नळी आहे. चाक फिरवलं की तिच्यातून लोखंडी दांडा आत-बाहेर सरकतो आणि इंजिन वळतं, तशी बोट वळते. त्या नळीला ग्रीस भरायची निपल दिसली. दांडा पुरता बाहेर होता, नळी रिकामी, आणि मी गन दाबत राहिलो. सणाच्या दिवशी हात कशाला आखडायचा, असं वाटलं.

थंडी पडली तसं चाक जड होत गेलं. दादा म्हणाले, "स्टिअरिंग लई जड झालंय रे. बघ की जरा."

मी बघितलं नाही. पुढच्या बाजाराला वळण घेताना बोट पाण्यातल्या वाळक्या बाभळीला घासली. बाया ओरडल्या. मी चाक ओढून घेतलं. "सरका दादा. स्टिअरिंगला काय झालं न्हाई, तुमच्या हातातच जोर न्हाई आता."

दोघंतिघं हसले. दादा मागच्या फळीवर जाऊन बसले. त्यानंतर ते काठाकडे फिरकलेच नाहीत.

मग चाक मी धरलं. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन फिरवायचो आणि काही विशेष नसल्यासारखं दाखवायचो. एकदा मधेच वारा सुटला, चाक अडलं आणि बोट त्याच बाभळीत शिरली. मेथीची पाटी सावरत शेजारची वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बी हातातला जोर गेला का काय?" या वेळी सगळे हसले.

त्या दुपारी बोट काठाला बांधून उघडायला बसलो. दांडा इंजिनापासून सोडवला. इंजिन हातानं ढकललं तर अलगद फिरलं. चाक मात्र तसंच जड. म्हणजे दोष नळीत. नळीच्या टोकाचा मोठा नट सैल केला, लाकडाचा तुकडा धरून हळूहळू ठोकत दांडा बाहेर काढला. त्याच्याबरोबर काळपट, गुळासारखं घट्ट ग्रीस आलं. आधीचं जुनं वाळलेलं होतंच, त्यावर माझं. दांड्याला सरकायला जागाच नव्हती. दादा माझ्याच करणीशी झुंजत होते, आणि मी त्यांना म्हातारं ठरवलं होतं.

काठीला फडकं गुंडाळून डिझेलनं नळी साफ केली, दांडा घासला, बोटानं पुसटसं ग्रीस लावलं. जोडल्यावर चाक एका हातानं फिरलं. आनंद व्हायला हवा होता. मी चिखलात तसाच बसून राहिलो.

घरी जाऊन हळूच सांगावं, असं आधी मनात आलं. पण हिणवलं होतं चारचौघांत. बाजाराच्या सकाळी दादांना बोलवायला गेलो. ते शेळीला पाला टाकत होते.

"आता मी कशाला? तूच चालीव की. माझे हात गेले म्हणतोस न्हवं?"

"एकडाव चला दादा."

ते आले, पण चाकाकडे न जाता मागच्या फळीवर बसले. मी उभा राहिलो. "दादांचे हात चांगले हायेत. नळीत ग्रीस मी कोंबलं होतं, आन् तुमा सगळ्यांसमोर बोल त्यांना लावला," एवढं बोटीतल्या माणसांना सांगून त्यांच्याकडे वळलो. "दादा, तुमी बघ म्हणलात तवा मी बघितलं न्हाई. चुकलो. मला माफ करा."