पन्हाळ ओलांडायची नाही

"माघारी फिर!" गिरजामावशी एवढ्या जोरात ओरडायची की देवळात नव्यानं आलेला माणूस जागीच थांबायचा. आमच्या गावच्या महादेवाची ती गुरवीण. पिंडीवरचं पाणी जिथून वाहून जातं ती दगडी पन्हाळ प्रदक्षिणेत ओलांडायची नसते; तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं. एकदा तिनं तहसीलदारालाही अडवलं. "सायब असशील तुज्या कचेरीत. हितं फिर माघारी!" बिचारा हसत फिरला.

मग देवळाचं वस्तुसंग्रहालय करायचं ठरलं. शेतांत सापडलेल्या मूर्ती तिथं मांडणार, पर्यटक येणार, एसटी वाढणार. गाव हुरळलं. मी शाळामास्तर, संमतीचा कागद घेऊन दारोदार मीच फिरलो. मावशीनं एवढंच विचारलं, "मास्तर, माजा सकाळचा तांब्या बंद न्हाई ना होनार?"

"छे! कोण बंद करतंय?" मी म्हणालो. तिनं अंगठा दिला. नियमांचं मागचं पान मी वाचलंच नव्हतं. मास्तर म्हणे!

वर्षभरात तिकीट आलं, पूजेला बंदी आली. पिंडीभोवती दोर, फरशीवर बाण. आणि त्या दीडशहाण्यांनी बाण काढले कुठून? सरळ पन्हाळीवरून, वर लाकडी पायरी ठोकून!

मावशी तरीही रोज तांब्या घेऊन दाराशी जायची. रखवालदार म्हणायचा, "मावशी, दगडाला ओल चालत नाही."

"माज्या सासूच्या सासूपासून पानी पडायलंय त्याच्यावर. झिजला का? मुडदा बशिवला तुमचा!" एवढं बोलून ती पाणी बाहेरच्या बेलाला घालायची आणि घरी जायची. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी अर्ज केले, पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत खेटे घातले. साहेबानं माझ्याच हातचा कागद माझ्यापुढं सरकवला. "गावाची संमती आहे की!" तो हसतसुद्धा होता, लेकाचा.

गेल्या श्रावणात मावशी गेली. शेवटपर्यंत पिंडीवर तिचं पाणी पडलं नाही ते नाहीच.

तेरावं झाल्यावर मी तिकीट काढून आत गेलो आणि त्या पायरीपाशी थांबलो. मागं पर्यटकांची रांग तुंबली. रखवालदार म्हणाला, "सर, बाणाप्रमाणे पुढं चला."

"माघारी फिरा!" मी सगळ्यांवर ओरडलो. एक बाई लेकराला घेऊन मुकाट वळली. बाकीचे मला वेड्यात काढत पायरी चढून गेले.

दुसऱ्या दिवशी मी परत तिकीट काढलं.