मामाच्या मेंढरांचा फोटो

माझा कॅमेरा रशियन बनावटीचा, माझ्याहून वयाने मोठा. त्यात रोल भरणं म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवणं. मागचं झाकण उघडतच नाही. बुडाची पट्टी काढायची, फिल्मच्या टोकाला कात्रीने लांब जीभ कापायची, ती रिळाच्या खाचेत अडकवायची आणि सगळं खालून आत सारायचं. जीभ नीट अडकली का, हे आत बघता येत नाही. बाहेरून एकच खूण असते. उजव्या हाताने फिल्म पुढे ओढली की डावीकडचा नॉब आपोआप फिरतो. तो फिरला तर फिल्म चालली. नाही फिरला तर फिल्म जागच्या जागी बसून राहते आणि फोटो मोजणारी चकती मात्र खुशाल पुढे सरकते. हे मला दहा वर्षं ठाऊक आहे. या नादाला नव्याने लागलेल्यांना मीच ते दरडावून सांगतो.

माझे मामा शहराबाहेर शेंद्र्याला राहतात. जन्मभर त्यांनी मेंढरं राखली. आता चारायच्या रानाला तारांची कुंपणं पडली, गुडघे बोलायला लागले, आणि मुलगा कंपनीत शिफ्टला जातो. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"भाच्या, मेंढरं दिली. परवा सकाळी टेम्पो येतोय. तुझा तो कॅमेरा घेऊन ये. मेंढरांसंगं माझा एक फोटू काढ, भिंतीला लावीन."

मामांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याच खांद्यावर बसून रानात गेलो होतो. मला इतका आनंद झाला की मेंढरं चालली याचं वाईट वाटायचंच राहिलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

सकाळी साडेसातला पोचलो. मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी फाटकाशी मामी कुंकवाचं ताट घेऊन उभी होती आणि दुसऱ्या हातात तिचा मोबाईल होता. माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला.

"मामी, तो ठेवा आत. मोबाईलमधले फोटो चार दिवसांत कुठे जातात कळत नाही. हा काळापांढरा फोटो टिकतो, नातवंडं बघतील."

"बरं बाबा," मामी म्हणाली आणि तिने मोबाईल पदराखाली घातला.

मोटरसायकलच्या सीटवर मी रोल भरायला घेतला. जीभ कापली, खाचेत घातली, आत सारली, आणि तेवढ्यात बांधावरून टेम्पोचा हॉर्न वाजला. व्यापारी लवकर आला होता. दुसऱ्या गावचा माल उचलायचाय, म्हणून तो हॉर्नवरचा हात काढेना. मी पट्टी लावली, दोनदा फिल्म पुढे ओढली आणि धावलो. नॉबकडे बघितलं का? त्यानंतरचे आठ दिवस मी स्वतःला एवढंच विचारत होतो.

माझा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. त्यात आपण भिंगातून बघत नाही, शेजारच्या एका खिडकीतून बघतो. मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात माणूस दोनदा दिसतो. भिंग फिरवलं की दोघांचा एक होतो. त्या सकाळी दोन मामा जवळ आले आणि एक झाले. डोक्याला लाल मुंडासं, एक हात म्होरक्या मेंढीच्या पाठीवर. मागे धूळ आणि उन्हाची तिरीप. इतकं सुंदर चित्र मी त्या खिडकीतून कधी पाहिलं नव्हतं. पण खिडकीला काय, आत फिल्म चालो न चालो, तिला सगळं सुंदरच दिसतं.

मामीने म्होरकीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग मामांनी तिच्या गळ्यातली घंटी सोडली. जनावर विकलं तरी दावं आणि घंटी देत नाहीत, घरची बरकत जाते म्हणतात. त्यांना गाठ सुटेना. व्यापारी म्हणाला, "कापा की." मामा म्हणाले, "कापत नसतात," आणि दातांनी सोडवली. मी ते सगळं टिपलं. निदान तसं मला वाटलं.

टेम्पो गेला. मी बाजेवर बसून रोल उलटा गुंडाळायला घेतला. तेव्हा हाताला थोडा ताण लागतो, शेवटी एक हिसका बसतो आणि मग नॉब सैल होतो. माझा नॉब पहिल्या फेऱ्यापासून सैल होता. मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "झालं का मनासारखं?" मी म्हणालो, "एकदम."

जालना रोडने परत येताना मी स्वतःशी वकिली करत होतो. थंडी होती, बोटं बधिर होती, ताण कळला नसेल. कॅमेरा जुना आहे, कधी कधी सैल लागतो. क्रांती चौकातला सिग्नल हिरवा झाला तरी मी उभाच. मागचा रिक्षावाला ओरडला, "अरे चलो मियाँ, सो गये क्या?"

रोल मी घरीच धुतो. एरवी दम धरवत नाही, त्याच दिवशी धुतो. हा रोल मात्र आठ दिवस टेबलावर पडून होता. धुतला नाही तोवर फोटो आहेत, असा माझा हिशेब. ऑफिसला जाताना त्याच्याकडे बघायचं नाही, येताना बघायचं नाही. बायको म्हणाली, "असं काय आहे त्यात?" मी तिच्यावरच चिडलो.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला.

"निघाले का फोटू?"

आणि मी म्हणून गेलो, "लई भारी आलेत, मामा."

त्यांच्या आवाजात इतकी घाई होती की माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. ते म्हणाले, "मी खिळा ठोकून ठेवलाय. घंटीच्या खाली." त्यानंतर फोन वाजला की मी दचकायचो.

रविवारी दुपारी बाथरूममध्ये काळ्या पिशवीत हात घालून रोल डब्यात भरला. औषध ओतलं, हलवलं, धुतलं. झाकण काढून फिल्म उलगडली. टोकाशी बोटभर काळं होतं, आणि पुढे सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ. पलीकडची बादली दिसत होती. सगळे फोटो त्या बोटभर काळ्यावर एकावर एक पडले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आमची आई हे माझ्याकडे बघूनच म्हणायची.

तसाच शेंद्र्याला निघालो. मामा वाड्यासमोर बाजेवर बसले होते. आत एकही मेंढरू नसताना फाटक लावलेलं होतं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. फिल्म अडकलीच नव्हती, एकही फोटो नाही.

मामा म्हणाले, "फोनवर तर भारी आले म्हणलास."

"खोटं बोललो, मामा."

"मेंढरं गेली, फोटू गेला. व्हतं असं. मशीनच हाय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पर तू खोटं कशापायी बोलला? चार दिस मी लोकांला सांगत फिरलो."

मी फाटकाकडे बघत राहिलो.

मामी आतून आली. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "तुम्ही डोळा लावून हुबा व्हता तवा हळूच काढला. एकच. परत रागवाल म्हणून ठेवून दिला."

फोटो हललेला होता. कडेला मेंढरांची दाटी, वर धूळ. आणि मधोमध, सगळी चौकट अडवून, माझी पाठ. कॅमेरा डोळ्याला, कोपरं फाकलेली. माझ्या खांद्याआडून लाल मुंडाशाचं टोक दिसत होतं, आणि कमरेशी मेंढीच्या पाठीवर टेकलेली मामांची चार बोटं.

मामांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ही म्होरकी," ते म्हणाले. "कान बघ तिचा." मग माझ्या हातात देत म्हणाले, "ह्योच मोठा करून आण. काळापांढरा कर. तू म्हणला व्हतास, टिकतो."

क्रांती चौकाजवळच्या स्टुडिओतल्या माणसाने विचारलं, पुढचा माणूस काढून टाकू का? मी विचारलं, त्याच्यामागे काय येईल? तो म्हणाला, काहीच नाही, मागचं फोटोत आलेलंच नाही.

आता तो घंटीच्या खाली लावलाय. आल्यागेल्याला मामा दाखवतात, ही माझी बोटं, ही म्होरकी. मी गेलो की मामी त्याच भिंतीसमोर पाट टाकते, आणि मी माझ्याच पाठीकडे बघत चहा पितो.