बंदुकीला कोणतं तेल?

विसावं शतक नुकतंच लागलं होतं. देवासच्या एका सरदारांनी आपला शिलेखाना, म्हणजे हत्यारांची कोठी, माझ्याकडे सोपवला तेव्हा बंदुकीतलं मला एवढंच कळत होतं की तिची नळी कुणाकडे रोखू नये. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला घेतलं होतं. कोठीत तीसेक बंदुका होत्या आणि त्या घासायला एक म्हातारा सिकलगर.

पहिल्याच दसऱ्याआधी मी सुधारणा केली. बंदुकांना तिळाचं तेल लावत; मी जवसाचं आणवलं. सुतार ते लाकडाला लावतो आणि लाकूड कसं चकाकतं, मग लोखंडानं काय पाप केलंय?

सिकलगर म्हणाला, "भिया, यो तेल तो जमी जायगो."

मी ऐकलं नाही. दसऱ्याला बंदुका आरशासारख्या दिसत होत्या. सलामीचा हुकूम झाला आणि दहा शिपायांपैकी तिघांचेच बार उडाले. बाकीच्यांचे घोडे तेल वाळून चिकटून बसले होते. एक जण तर बंदूक गुडघ्यांत धरून दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढत होता. सरदारांना हसू आवरेना, म्हणून माझी नोकरी वाचली.

भाऊबीजेला बायकोचे थोरले भाऊ धारहून आले. तेही तिथल्या एका सरदारांकडे हेच काम करत. हकीकत ऐकून त्यांच्या हातातली चकली खाली पडली.

"जवस? अहो, बंदुकीला लावलंत की दाराला? एरंडेल लावा. धारला आम्ही तेच लावतो."

"एरंडेल फार दाट. त्यापेक्षा आमचं तीळच बरं," मी म्हणालो.

"तीळ? मग साजूक तूपच का नाही लावत?"

आवाज चढले तशी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दादा, नुसतं भांडून काय कळणार? लावून बघा की."

तिनं शेजारपाजारहून पाच जुने लोखंडी अडकित्ते गोळा केले. ते खिळ्यावर बंदुकीच्या घोड्यासारखेच फिरतात, हे आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. राखेनं घासून, कोरडे करून तिनं एकाला तीळ, दुसऱ्याला एरंडेल, तिसऱ्याला खोबरेल आणि भावाची जिरवायला चौथ्याला तूप लावलं. पाचव्यासाठी सिकलगरानं महूच्या इंग्रजी छावणीतून बाटलीभर रंगूनचं तेल आणलं. ते जमिनीतून निघणारं, पातळ आणि घासलेटाच्या वासाचं. मग पाचही अडकित्ते ओसरीच्या वळचणीला टांगले.

तुपाच्या अडकित्त्याला दुसऱ्याच दिवशी मुंग्या लागल्या. बाकीचे संक्रांतीपर्यंत माळव्याच्या थंडीत लोंबत राहिले.

संक्रांतीला मेहुणे तिळगूळ घेऊन आले, खरं तर निकाल बघायला आले. खोबरेल गोठून पांढरं झालं होतं. एरंडेलात धूळ बसून त्याची खळ झाली होती. तिळाचा अडकित्ता उघडला, पण कुरकुरत. रंगूनचा मात्र बायकोनं एका बोटानं उघडला. आत गंजाचा ठिपका नव्हता.

मेहुण्यांनी तो चारदा उघडमीट करून पाहिला. "धारची थंडी वेगळी असते," एवढंच बोलले आणि पोळीवर आणखी तूप मागून घेतलं.

सरदारांना सांगून मी ते तेल मागवलं. बार उडाल्यावर नळी गरम पाण्यानं धुवायची, खडखडीत वाळवायची आणि मग तेल, हा सिकलगराचा क्रम या खेपेला निमूटपणे मानला. पुढच्या दसऱ्याला दहाही बार एकदम उडाले. टेकडीवरचे पोपट आकाशभर झाले आणि सरदारांच्या घोडीनं दोन पायांवर उभं राहून दाखवलं. मी कान झाकायचंही विसरलो, इतका खूश होतो.

पंधरा दिवसांनी धारहून मेहुण्यांचं पत्र आलं. मला नव्हतं, बहिणीला होतं: "त्या तेलाची एक बाटली पाठव. तुझ्या यजमानांना सांगू नकोस."

तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बाटलीला बूच घट्ट बसवलं, चिंध्यांत गुंडाळली आणि सोबत चिठ्ठी लिहिली: "एकेक थेंबच लाव, दादा, आणि वरून कोरडं फडकं फिरव. फोडणीसारखं ओतू नकोस."