चारचा पाढा आणि नवरदेवाची घोडी

घोडीच्या पाठीवरून तिसरीच्या मुलांना सगळे विषय शिकवता येतात, हा शोध माझा. त्याची खूण माझ्या डाव्या मांडीवर अजून आहे. नालेच्या आकाराची. जिना चढताना ती बोलते.

योजना कागदावर सुरेख होती. घोडीचं पाऊल मोजलं की गणित. ती काय खाते आणि त्याचं पुढे काय होतं, हा परिसर अभ्यास. पाठीवरून काय दिसलं ते लिहिलं की मराठी. नंदनवन वस्तीतल्या आमच्या छोट्या शाळेत मी हे इतक्या तावातावानं सांगितलं, की मुख्याध्यापिकाबाईंनी मला गप्प करण्यासाठी परवानगी दिली. त्याच महिन्यात 'छडीशिवाय शिक्षण' या विषयावर मी शिक्षकांपुढे अर्धा तास बोलून टाळ्याही घेतल्या होत्या. त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

लकडगंजातले एक काका वरातीसाठी घोडी देत. पितृपक्षात लग्नं नसतात, घोडी रिकामी होती.

"मारत तर नाही ना?" मी विचारलं.

"कोण, हे? काहून घाबरून राहिले, सर? गाय हाय गाय. फक्त बाजा वाजला का नाचते."

आमच्याकडे बाजा नव्हता. म्हणून ते वाक्य मी तिथंच सोडून दिलं.

शाळेच्या पटांगणात घोडी आली, तेव्हा पाठीवर बसायला वर्गातली सगळ्यात लहान मुलगी पुढे आली. तिचा आवाज मी वर्षभरात तीनदा ऐकला असेल, त्यातही एकदा शिंकेचा. काकांनी तिला खोगिरावर बसवलं, लगाम माझ्या हातात दिला आणि ते फाटकापाशी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला गेले. घोडी दोन पावलं चालली आणि मला आणखी एक कल्पना सुचली. पावलांच्या तालावर चारचा पाढा, टाळ्यांसकट.

चाळीस पोरांनी एकदम टाळी दिली. चार एके चार. घोडीचे कान उभे राहिले. चार दुणे आठ. तिनं मान झुलवली. बारापर्यंत ती नाचू लागली होती. मी घाबरून लगाम खेचला, कडी तिच्या जिभेत रुतली, तोंडातून लाल फेस आला. टाळ्या सांगत होत्या नाच, माझा हात सांगत होता थांब. तिनं आधी हाताचा हिशेब केला. माझ्या खांद्याचा लचका शर्टासकट तोडला. मग वळून लाथ घातली. आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी पडलो. मुलांना वाटलं, हाही धड्याचाच भाग. पोरं चार सक चोवीसपर्यंत पोचली, आणखी जोरात. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे खूर माझ्या डोक्याशेजारी मातीत आदळले, आणि वर ती पोर आयाळीला लोंबकळत होती.

पाऊल मोजायला आणलेली लाकडी मीटरपट्टी माझ्या हाताला लागली. मी घोडीच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्या फटक्याला पट्टी मोडली.

"पाढा बंद करा," वरून ती ओरडली.

वर्ग गप्प झाला. घोडीही थांबली, थरथरत.

तेवढ्यात काका धावत आले. त्यांनी कमरेचा चाबूक काढला आणि घोडीच्या पोटावर, पायांवर ओढला. कातडीवर रक्ताची रेघ उठली. मुलगी तिच्या मानेला मिठी मारून बसली.

"काका, नको मारा तिले."

"हिले असंच समजते. नाचणं बी असंच शिकवलं. घरी गेल्यावर पाहतो आज हिले. उतर वं पोरी."

"नाही."

"पडशीन."

"मी उतरली का तुम्ही मारान." तिनं हात पुढे केला. "पहिले ते द्या. टाळ्या आम्ही वाजवल्या. तिचं काय चुकलं?"

काकांनी हसून माझ्याकडे पाहिलं. मी मातीत पडल्या पडल्या, शक्य तितक्या अधिकारानं म्हणालो, "द्या."

शेवटी त्यांनी चाबूक तिच्या हातात ठेवला. ती उतरली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, तुमची बी."

मी मोडकी पट्टी वर केली.

चाबूक वर्गाच्या कपाटात गेला, किल्ली तिच्याकडे. आठवड्यानं मी लंगडत वर्गावर आलो, तर काका दारात उभे.

"सर, चाबूक द्या ना. सीझन येऊन राहिला."

"तिला विचारा."

तिनं विचारलं, "घोडीले मारलं का?"

काकांनी चपलेकडे पाहिलं. "दोनदा. हातानं."

"मग नाही."

ते गेले. दिवाळीनंतर पुन्हा आले. तिनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी "एकदा" म्हणाले आणि स्वतःच परत फिरले.

माझी अर्धी पट्टीही त्याच कपाटात आहे. फळ्यावर रेघा मारायला मी एकदा मागितली होती. तिनं रेघा स्वतः मारून दिल्या.