दुर्गेश्वरीचे मंगळवार

दुर्गेश्वरी बिसेन आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. माझ्या शेजारची. मी राईस मिलमध्ये तीस वर्षं हमाली केली. माणूस कामावरून ओळखतो. तिचं काम चोख होतं.

२००८ साली दवाखान्यात टेलिमेडिसिनची मशीन आली. छतावर डिशची छत्री, खोलीत कॅमेरा आणि पडदा. इथला पेशंट बसल्या जागी नागपूरच्या डॉक्टरला दाखवायचा. खोकी मीच वर नेली. आमच्या डॉक्टरने खोलीला कुलूप लावलं. बाजारात त्याचा खाजगी दवाखाना होता, पेशंट तिकडे वळवायचे होते.

पुढच्या जानेवारीत दुर्गेश्वरीचा भाऊ उमेंद्र छाती धरून आला.

"सर, याचा ईसीजी नागपूरले दाखवा," ती म्हणाली.

"मशीन बंद आहे. माझ्या दवाखान्यात न्या."

उमेंद्रचा जीव बाजाराच्या रस्त्यावरच गेला. मी त्याला धरून बसलो होतो.

तेरवी झाली, ती कामावर आली. साफसफाईसाठी म्हणून खोली उघडून घेतली. बटण दाबलं, पडदा उजळला. मशीन धडधाकट होती. कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू वाळलेलं. दसऱ्याला सुखराम शिपाई कुलपं उघडून सगळ्या मशीनना टिका लावतो. इथे नेमका काचेवर लावला होता. रजिस्टरात मात्र डॉक्टरने दर मंगळवारी तीन पेशंट दाखवल्याचं लिहिलं होतं. तिने सगळी खोली पुसली. काच सोडली.

मार्चमध्ये रजिस्टर तपासायला नागपूरचे मोठे साहेब पडद्यावर आले. आमचा डॉक्टर कॅमेऱ्यासमोर बसला.

"तुमच्याकडे सगळं लाल काऊन दिसून राहिलं?" साहेबांनी विचारलं.

मागून दुर्गेश्वरी म्हणाली, "दसऱ्याचा टिका होय, साहेब."

"दसऱ्याले पाच महिने झाले. मग रजिस्टरातले पेशंट कशातून दाखवले?"

डॉक्टरची नोकरी गेली नाही. हुकूम आला: दर मंगळवारी दहा ते दोन डॉक्टरने स्वतः मशीनवर बसायचं, पेशंट असेपर्यंत उठायचं नाही. मंगळवार आमचा बाजाराचा दिवस, त्याच्या कमाईचा.

दुर्गेश्वरी सोमवारी ड्युटी संपली की सायकलवर खेडी फिरे. पेशंटना मंगळवारी या म्हणून सांगून येई. चालता न येणाऱ्यांना मी पाठीवर आणलं. माणूस पोत्यापेक्षा हलका, पण धरायला कठीण. दोन वर्षांत एकाही मंगळवारी बाक रिकामं पडलं नाही. त्याच्या बाजारातल्या दवाखान्याचं शटर आधी मंगळवारी, मग कायमचं खाली आलं.

"दुर्गा, आता पुरे कर," मी एकदा म्हटलं.

"थकले का, काका? मी दुसरा माणूस पाहीन."

पुढच्या मंगळवारीही मी पेशंट पाठीवर आणला.

एका मंगळवारी पावणेदोनला डॉक्टरने चष्मा काढला. डोळे सुजले होते.

"सिस्टर, तुमच्या भावाचं मला खरंच वाईट वाटतं."

दुर्गेश्वरीने दार उघडलं. बाहेर अजून सात पेशंट होते.

"भूमेश्वरीबाई, तुमी या," ती म्हणाली. "सर बसून आहेत."